सात रस्त्याजवळची लाँड्री: खिशात राहिलेलं परत देण्याची रीत

धुलाई चांगली, स्टार्च थोडा जास्त, आणि लग्नसराईत दिलेली तारीख पाळतीलच असं नाही. चादरी मात्र बिनधास्त टाका. सोलापुरी चादर भिजल्यावर किती जड होते ते घरी पिळणाऱ्याला विचारा.

पण मला लिहायचंय ते खिशांबद्दल. कपडे घेताना तुमच्यासमोरच खिसे चाचपतात. तरी चोरखिशात काहीतरी राहतंच. ते सापडलं की पावतीचा नंबर टाकून लिफाफ्यात जातं, पिन मारली जाते आणि वहीत नोंद होते: ‘सदरा, कागद एक’. कागदावर काय आहे ते वहीत नसतं, कारण तो उलगडतच नाहीत. भिजला असेल तर घडीसकट वाळवतात.

परवा एक ताई नवऱ्याचे कपडे न्यायला आल्या होत्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “साहेबांना एकदा येऊन जायला सांगा.”

“का? काय राहिलंय?”

“लिफाफा आहे ताई. त्यांनाच देतो.”

ताई नाराज झाल्या, पण मुलाचं बरोबर होतं. डॉक्टरची चिठ्ठी असेल, उसनवारीचा हिशोब असेल. घरी कधी सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मी एसटीत कंडक्टर होतो. गाडीत सापडलेली पिशवी डेपोत जमा करायची आणि न्यायला आलेल्याला आधी विचारायचं, आत काय होतं? आपणच सांगून टाकलं की कुणीही “हो, तीच” म्हणतं. इथेही फोनवर पैशाचा आकडा सांगत नाहीत, समोरच्याकडून वदवून घेतात. बक्षीसही घेत नाहीत.

‘खिशातील वस्तूस आम्ही जबाबदार नाही’ अशी पाटी बऱ्याच ठिकाणी दिसते. पाटी लावून सापडलेली नोट आपली होत नाही. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 71 सांगतं, की दुसऱ्याची सापडलेली वस्तू ताब्यात घेतली, की ती कुणी सांभाळायला दिल्यासारखीच जपायची.

गिऱ्हाइकानेही थोडं भान ठेवावं. पैसे कमी वाटले तर आधी वही बघा, चारचौघांत आवाज चढवू नका. पावतीवर मोबाइल नंबर नक्की लिहा. नंबर नसलेले लिफाफे तिथे नुसते पडून आहेत. आणि न्यायला दुपारी जा, संध्याकाळच्या गर्दीत मुलगा लिफाफा बाहेर काढत नाही.