बोलेरो ऐकायचाय: आधी रिगुआल बंधू की लोस पांचोस?

स्पॅनिश येत नाही, पण तीन आवाजांतला बोलेरो (लॅटिन अमेरिकेतलं संथ प्रेमगीत) एकदा नीट ऐकायचाय, अशांसाठी हे लिहितोय. या दोन्ही त्रिकुटांची जातकुळी एकच वाटते, पण कान वेगळ्या गोष्टीला द्यावा लागतो.

रिगुआल म्हणजे कार्लोस, मारिओ आणि पेद्रो, क्युबाचे तीन सख्खे भाऊ. नाव झालं ते मेक्सिकोत. एका घरात वाढलेल्यांचे उच्चार इतके जुळतात की कोणता स्वर कोणाचा, हे शोधायचा नाद मी तरी सोडून दिलाय. ‘कुआंदो कालिएंता एल सोल’ हे त्यांचं 1960च्या दशकाच्या सुरुवातीचं गाणं: समुद्रकिनारा, तापलेलं ऊन आणि जवळ असल्याचा भास होणारी ती. चाल इतकी सोपी की दुसऱ्यांदा ऐकताना आपण गुणगुणतोच. 1964 मध्ये रे चार्ल्स सिंगर्सनी ती इंग्रजीत गायली आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेली (हा रे चार्ल्स वेगळा, तो प्रसिद्ध पियानोवाला नव्हे). 1987 मध्ये मेक्सिकोचा गायक लुईस मिगेलने ती पुन्हा गायली. अडचण अशी की गाणं जगभर गेलं, भावांचं नाव मागेच राहिलं. ‘कोरासोन दे मेलोन’ कार्लोसचं, हेही किती जणांना ठाऊक असतं? त्यामुळे या एका गाण्यापलीकडचं ऐकायचं तर शोधाशोध करावी लागते.

पांचोसचं उलट. भाऊ वगैरे कोणी नाही. 1944 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जमलेले दोन मेक्सिकन, आल्फ्रेदो हिल आणि चुचो नावारो, आणि प्वेर्तो रिकोचा एर्नान्दो आविलेस. इथे आवाजाइतकीच वाजवण्यात गंमत आहे. हिलने रेकिंतो नावाची छोटी गिटार रूढ केली, नेहमीच्या गिटारच्या ‘सा’वरून ‘म’ इतकी वर लावलेली. गाण्याआधी ती एकटीच चार-सहा सेकंद झरझर उतरते. पुढे कितीतरी त्रिकुटांनी हीच पद्धत उचलली.

पांचोस घेताना एक काळजी घ्या. मुख्य गायक अनेकदा बदलले, आणि स्वस्तातल्या संकलनांत सगळे काळ एकत्र कोंबलेले असतात. आविलेसचा काळ आवडला म्हणून नंतरच्या गायकाचा, जॉनी अल्बिनोचाही आवडेल असं नाही. नवख्याने सरळ गायिका एडी गोर्मेबरोबरचा 1964चा ‘आमोर’ हा अल्बम घ्यावा. गोर्मे न्यूयॉर्कचीच, पण स्पॅनिश तिला घरातूनच मिळालेलं.

तर, गुणगुणायला एखादं गाणं हवं असेल तर रिगुआल. महिनाभर पुरेल असा साठा हवा असेल तर पांचोस. माझं विचाराल तर आधी भावांचं ते एक गाणं दोनदा ऐका, मग ‘आमोर’मधलं ‘साबोर आ मी’ लावा आणि पहिल्या फेरीत गोर्मेकडे लक्षच देऊ नका, रेकिंतो काय करतोय ते बघा.