जुन्या मियाटाला प्लग-इन ईसीयू की वायर-इन?

१९९०-९३ची १.६ लिटर मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) टर्बो करताना ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलायचा तर हा पेच पडतोच. प्लग-इन सहसा महाग, पण मूळ कनेक्टरलाच बसतो. वायरिंग कापावं लागत नाही. वायर-इन स्वस्त, मात्र प्रत्येक वायर क्रिम्प करायची (टर्मिनलमध्ये दाबून बसवायची) आणि सेन्सरचा ग्राउंड (परतीची वायर) ईसीयूलाच न्यायचा, बॉडीला नाही. नाहीतर रीडिंग नाचतात.

खरी गोम एअरफ्लो मीटरमध्ये (इंजिनात जाणारी हवा मोजणारा भाग) आहे. हवेच्या तापमानाचा सेन्सर आणि फ्युएल पंपाचा स्विच त्यातच असतो. हा मीटर काढला की तापमानाचा वेगळा सेन्सर लागतोच. प्लग-इनमध्ये पंपाची सोय सहसा असते. वायर-इनमध्ये पंपाच्या रिलेचं ग्राउंड विसरलात तर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. टायमिंग लाइट (स्पार्कची वेळ तपासायचा दिवा) आणि वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर) दोन्हींना हवेच.

रोज चालणाऱ्या, पुढे मूळ रूपात आणायच्या गाडीला प्लग-इन घ्या. हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) आधीच कुजलेला असेल किंवा ट्रॅककार बांधत असाल, तर वायर-इन.