सिझर, हुडहुडी आणि ते गरम हवेचं पांघरूण: दोन वेळचा अनुभव

हॉस्पिटलचं नाव विचारू नका, दोन्हीकडचं देणार नाहीये. हा रिव्ह्यू हॉस्पिटलचा नाहीच, सिझरच्या वेळी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, अंगावर घालतात त्या गरम हवेच्या पांघरुणाचा आहे. एकदा त्याच्याशिवाय झालं, एकदा त्याच्यासकट, म्हणून लिहायला बसले.

पहिलं बाळंतपण माहेरी, जळगावकडे, आणि तेही मे महिन्यात. बाहेर 44 डिग्री, डांबर चपलेला चिकटतंय आणि मी आत टेबलावर कुडकुडतेय. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं, पाय जड झाले, उलट पायात छान ऊब आल्यासारखं वाटलं, म्हटलं चला बरंय, आणि थोड्या वेळात खांद्यापासून जी थडथड सुरू झाली ती थांबेचना. दातावर दात. बीपीचा पट्टा फुगायचा, माझा हात उडायचा, मशीन एरर दाखवायचं, परत फुगायचा. सिस्टर म्हणतात, "ताई, हात हलवू नका." अहो मी कुठे हलवतेय! सलाईन तर मनगटातून वर गारेगार चढताना कळत होतं. बाळ दाखवायला आणलं, गालाला लावलं, तर मी इतकी हलत होते की मीच म्हटलं, न्या बाई त्याला, धक्का लागेल. त्याला नेलं कोपऱ्यातल्या वॉर्मरखाली. मला हिरवी चादर, तीही एका बाजूने ओली. शेवटी थरथरीवर इंजेक्शन दिलं, ते लागू पडलं पण मग ग्लानी आणि मळमळ, पहिला तासभर नीट आठवतच नाही.

बाहेर आणल्यावर आईने माझी अवस्था बघितली आणि कुठूनतरी गरम पाण्याची पिशवी पैदा करून पायाला लावायला निघाली. सिस्टर केवढ्याने ओरडल्या! पाय बधिर आहेत मावशी, भाजलं तरी तिला कळणार नाही. आईला राग आला पण सिस्टरांचं शंभर टक्के बरोबर होतं, हे कोणी करू नका.

गंमत बघा, घरी आल्यावर त्याच मे महिन्यात कान बांध, मोजे घाल, पंखा बंद, बाजेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशेपाची धुरी. बाळंतिणीला वारा लागता कामा नये! सव्वा महिना सगळं घर माझ्या थंडीच्या मागे. आणि ज्या तासाभरात मला खरोखरची थंडी वाजत होती तेव्हा डोक्यावर एसी भणभणत होता.

माझी चुलत नणंद भूल देणारी डॉक्टर आहे, तिला नंतर हे सांगितलं तर म्हणाली वहिनी यात नवल काहीच नाही. त्या इंजेक्शनने कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आतलं गरम रक्त पायांकडे पसरतं, म्हणून पाय ऊबदार आणि पोटा-छातीतलं टेंपरेचर खाली. त्यात ओटी गार, पोट उघडं, अंगात थंड सलाईन. कमरेखालच्या भागाला तर थरथरताही येत नाही म्हणून सगळी थडथड वरच्या अर्ध्या अंगात. 37 च्या आसपास असावं ते 36 च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणायचं. आणि तिने सांगितलेली मला सगळ्यात पटलेली गोष्ट, कधीकधी बाईला थंडी वाजतच नाही तरी टेंपरेचर उतरलेलं असतं, म्हणून नुसतं विचारून भागत नाही, मोजावं लागतं. माझं पहिल्या वेळी कोणी मोजल्याचं मला तरी आठवत नाही.

तिनेच दाखवलं, ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2021 च्या गाइडलाइनमध्ये चक्क लिहिलंय की सिझरमध्ये सलाईन 37 डिग्रीला गरम करून द्या, आत धुवायचं पाणी 38 ते 40 डिग्रीचं वापरा आणि बाई थरथरत असेल, तिला गार वाटत असेल किंवा 36 च्या खाली गेली असेल तर गरम हवेच्या पांघरुणाचा विचार करा. आपल्याकडे महाराष्ट्रात एनएफएचएस-5 च्या, म्हणजे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांनुसार 25.4 टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, म्हणजे चारातली एक, आणि तरी माझ्या मैत्रिणींत या पांघरुणाचं नाव ऐकलेली एकही नाही.

तर दुसरी वेळ. पुणे, डिसेंबर. आधीच्या तपासणीला भूलतज्ज्ञ मॅडमना सरळ विचारलं, मागच्या वेळी फार हुडहुडी भरली होती, तुमच्याकडे काही आहे का? म्हणाल्या आहे की, लावू. एवढंच! मी भांडायच्या तयारीत गेले होते.

मशीन म्हणजे केबिन बॅगेएवढा डबा, त्याला व्हॅक्यूम क्लीनरसारखा जाड पाइप आणि पाइपाच्या टोकाला कागदासारखं पांढरं पांघरूण. डॉक्टर लोक कंपनी कुठलीही असो याला बेअर हगरच म्हणतात, आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं. इंजेक्शनच्या आधीच पंधरा मिनिटं लावून ठेवलं, म्हणजे हातपाय आधीच तापवून ठेवायचे, मग आतली ऊब तिकडे कमी पळते. चालू केलं की ते हळूहळू फुगतं, पापड तव्यावर फुगतो ना तसं कप्प्याकप्प्याने, आणि खालच्या बारीक भोकांतून गरम हवा अंगावर येते. वजन काहीच नाही. नुकत्या इस्त्री केलेल्या चादरीत शिरल्यासारखं वाटतं. ऑपरेशनच्या वेळी छाती आणि दोन्ही पसरलेल्या हातांवर घेतलं, पोट अर्थात मोकळं. सलाईनची नळीसुद्धा एका छोट्या गरम करायच्या डब्यातून आणलेली.

थरथर अजिबात झाली नाही असं म्हणणार नाही, बाळ काढल्यावर दोन-चार मिनिटं हनुवटी उडाली. पण दात वाजले नाहीत, इंजेक्शन लागलं नाही, शेवटी टेंपरेचर 36.4. आणि पांघरूण जरा खाली सरकवून लेक थेट माझ्या छातीवर ठेवली, वरून परत ओढलं, दोघी एकाच गरम हवेत. माझे हात स्थिर होते. तिच्या टाळूवरचे ओले केस वाळून भुरभुरीत झालेले मला दिसले, पहिल्याच्या वेळी यातलं काहीच दिसलं नव्हतं.

आता कुरकुर. घसा फार कोरडा पडतो, हवा तोंडाकडे येते, मला दोनदा कमी करा म्हणावं लागलं. आवाज लांबून हेअर ड्रायर चालू असल्यासारखा, त्यात डॉक्टर काय म्हणाले ते अर्धं ऐकू येत नाही. अंगाला चिकटवायची पट्टी काढताना त्रास. आणि मोठी तक्रार ही की ओटीच्या दारात मशीन बंद, तिथून पुढे लिफ्टपाशी स्ट्रेचरवर वीस मिनिटं वाट बघत, वर एक पातळ ब्लँकेट, डिसेंबरचा वारा. एवढं तापवून शेवटी कॉरिडॉरमध्ये गार केलं. नवऱ्याने स्वतःचा स्वेटर काढून घातला तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

बिलात पांघरुणाचे वेगळे 1,350 रुपये लावले, एकदाच वापरायचं असतं म्हणून. इन्शुरन्सवाल्यांनी ते कन्झ्युमेबल म्हणून कापले, खिशातून गेले. सासूबाई म्हणाल्या तेवढ्यात दुलई आली असती. आली असती, पण दुलई ओटीत कोण नेऊ देणार?

पाचपैकी चार. एक स्टार लिफ्टपाशी गेला.