रस्त्याच्या पट्ट्यांचा रंग आणि डब्ल्यूडी-४०

ओल्या पट्टीवरून गाडी गेली की चाकं रंग वर फेकतात. दाराखालची पट्टी आणि चाकाची कमान पांढऱ्या ठिपक्यांनी भरते. तो काढायला डब्ल्यूडी-४० (गंजलेले भाग सोडवायला वापरतात तो तेलकट स्प्रे) चांगलंच काम करतं, पण घाई केलीत तर नाही.

त्याच दिवशी लक्षात आलं, तर आधी प्रेशर वॉशरने धुवा. पाण्यावर आधारित रंग बराचसा तेवढ्यानेच जातो. उरलेल्यावर, गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना, स्प्रे मारा, १५-२० मिनिटं मुरू द्या. ठिपक्याची कड मऊ होऊन उचलली की मायक्रोफायबरने हलकेच टिपून घ्या. घासू नका! रात्री चमकावं म्हणून या रंगात काचेचे बारीक मणी असतात आणि तेच क्लिअर कोटवर, म्हणजे गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थरावर, ओरखडे पाडतात. प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी घडी. जाड थराला दोन-तीन फेऱ्या लागतात. नखाने किंवा प्लास्टिकच्या कार्डाने कड उचलली तर चालते, ब्लेड मात्र नको.

थिनर झटपट रंग काढतो खरा, पण पुन्हा रंगवलेला पत्रा आणि बंपर दोन्ही खराब करतो. त्या वाटेला जाऊच नका.

खरखरीत काळ्या प्लास्टिकवर मात्र हा स्प्रे कमी पडतो. छिद्रांतला पांढुरका डाग राहतोच. ब्रेकच्या डिस्कवर थेंबही उडू देऊ नका. शेवटी शाम्पूने धुऊन त्या भागाला नव्याने वॅक्स लावा, कारण जुना थर स्प्रेबरोबर निघून गेलेला असतो.