लहान टॅबलेट की मोठा: बेळगावातील एका घरचा अनुभव

आमच्या घरी दोन टॅबलेट आहेत: ८.३ इंचांचा आयपॅड मिनी आणि १३ इंचांचा आयपॅड एअर. खानापूरच्या बसमध्ये उभ्याने जाताना पहिल्याचे २९३ ग्रॅम वजन एका हाताला सहज पेलते, ६१७ ग्रॅमचा दुसरा मात्र थोड्याच वेळात मनगटाला जाणवू लागतो. म्हणून कादंबरी वाचायची ती लहान पडद्यावरच. तिथे अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात.

पीडीएफचे तसे नसते. तिचे पान ठरलेल्या आकाराचे असल्यामुळे शेताची कन्नडमधील पहाणी (सातबारासारखा जमिनीचा उतारा) लहान पडद्यावर बोटांनी सारखी मोठी करून सरकवावी लागते. आणि ज्या वडीलधाऱ्यांना कन्नड जोडाक्षरे आधीच सावकाश लावत वाचावी लागतात, त्यांच्यावर हा जाच का लादावा? ए४ कागदाचा कर्ण सुमारे १४.३ इंच असल्याने १३ इंचांवर तो जवळजवळ मूळ आकारात दिसतो, आणि टॅबलेट आडवा धरला तर शेजारी मराठी भाषांतरही उघडे ठेवता येते. एकच घेणे शक्य असेल, तर घरात वयस्कर माणसे असताना मी मोठाच निवडेन.