जनुक संपादन, एमआरएनए लस की एआयची औषधं: पुढची झेप कुठे?

जैवतंत्रज्ञानात संशोधनाचा विषय निवडायची वेळ आली की एकच प्रश्न छळतो: येत्या पाच-सात वर्षांत खरी झेप कुठे दिसेल? सध्या तीन नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. क्रिस्परसारख्या, डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या वा बदलणाऱ्या साधनांनी होणारं जनुक संपादन, कर्करोगावरच्या एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) लसी आणि एआयच्या मदतीने रचलेली औषधं.

तुलना करताना मी शोध किती थोर आहे हे बघत नाही, कारण तिन्हींच्या मागे नोबेल आहे. औषध योग्य पेशीपर्यंत पोहोचतं का, आणि माणसांवर काय सिद्ध व्हायचं बाकी आहे, एवढंच बघतो. आरएनए इंटरफेरन्सचं, म्हणजे आरएनएच्या छोट्या तुकड्याने एखादं जनुक गप्प करण्याच्या तंत्राचं, उदाहरण घ्या. १९९८ मध्ये शोध लागला, २००६ मध्ये नोबेल मिळालं आणि त्यावर आधारलेलं पहिलं औषध, पॅटिसिरान, मंजूर झालं २०१८ मध्ये. मधल्या काळातली मोठी अडचण होती ती आरएनएचा हा नाजूक रेणू यकृताच्या पेशींत सुखरूप नेऊन सोडण्याची.

या कसोटीवर जनुक संपादन मला सर्वांत पुढे दिसतं, पण सरसकट नाही. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर कॅसजेव्ही हा क्रिस्परवर आधारलेला उपचार मंजूर झाला. त्यात रुग्णाच्या रक्तातल्या मूलपेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत संपादित करतात, मग तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशी मारून नव्या पेशी परत सोडतात. रुग्णाला कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात, आणि अमेरिकेत औषधाची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. पेशी शरीराबाहेर आणल्या म्हणून पोहोचवण्याचा प्रश्न टळला, पण त्याची भरपाई रुग्णाला सोसून करावी लागते.

म्हणूनच २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात घडलेली गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. एका तान्ह्या बाळाच्या यकृतात सीपीएस१ नावाचं विकर (एन्झाइम) नीट बनत नव्हतं, त्यामुळे प्रथिनं पचताना तयार होणारा अमोनिया रक्तात साचत होता. डॉक्टरांनी त्याच्या डीएनएमधलं चुकलेलं एक अक्षर दुरुस्त करणारं औषध खास त्याच्यासाठी जेमतेम सहा महिन्यांत बनवलं आणि लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, सूक्ष्म कणांत भरून शिरेतून दिलं. त्यानंतर बाळाला आहारातलं जास्त प्रथिन सोसू लागलं आणि अमोनिया आटोक्यात ठेवणारी औषधं कमी करता आली. किती पेशी खरोखर दुरुस्त झाल्या हे मात्र मोजलेलं नाही, कारण एवढ्या लहान जिवाच्या यकृताचा तुकडा काढणं धोक्याचं होतं. एका बाळावरून सिद्धांत मांडता येत नाही. तरीही यकृताच्या दुर्मिळ आनुवंशिक आजारांवर असे उपचार वाढत जातील, हे भाकीत मी बेधडक करेन. मेंदू किंवा स्नायूंबद्दल ते करणार नाही. शिरेतून दिलेले लिपिड कण बहुतांशी यकृतातच अडकतात.

एमआरएनए लसीची गोष्ट इथेच वेगळी होते. तिला फक्त रोगप्रतिकारक पेशींशी गाठ घालायची असते, त्यामुळे दंडातलं इंजेक्शन पुरतं. शस्त्रक्रियेने काढलेल्या कर्करोगाच्या गाठीचा डीएनए वाचून त्यातले जास्तीत जास्त ३४ बदल निवडायचे आणि त्या एकाच रुग्णासाठी लस बनवायची, अशी मॉडर्ना आणि मर्क या औषध कंपन्यांची पद्धत आहे. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १५७ रुग्णांच्या चाचणीत, लस आणि पेम्ब्रोलिझुमॅब (प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारं औषध) एकत्र मिळालेल्यांमध्ये आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका, नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्यांच्या तुलनेत ४४ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा आशादायक आहे, पण चाचणी लहान होती. खरा कौल तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचणीचा. शिवाय एमआरएनएच्या निधीला राजकारणाची झळ बसते: ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने एमआरएनए लसींचे सुमारे ५० कोटी डॉलरचे २२ प्रकल्प गुंडाळले. ते कर्करोगाचे नव्हते, पण उमेदीच्या संशोधकाने हेही हिशेबात धरावं.

एआयबद्दल सर्वांत जास्त बोललं जातं, आणि माझा हात सर्वांत आखडता आहे तोही इथेच. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले केले, हे अफाट काम आहे. पण माणसांवर चाचणीला गेलेल्या दर दहा औषधांपैकी सुमारे नऊ मंजुरीपर्यंत पोहोचत नाहीत, आणि ती पडतात ती मुख्यतः परिणाम न दिसल्याने किंवा अपाय झाल्याने. रचना माहीत असून तिथे भागत नाही. फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवरचं (फुफ्फुसात व्रणासारखे कठीण तंतू वाढण्याचा आजार) रेंटोसर्टिब हे एआयच्या वाटेने आलेलं औषध ७१ रुग्णांच्या चाचणीत आश्वासक ठरलं, पण पुढच्या मोठ्या चाचणीला इतरांइतकाच वेळ लागणार. रुग्णाकडे वर्षभर लक्ष ठेवायचं असेल तर वर्षच लागतं. साधन म्हणून एआय प्रत्येकाने शिकावं. औषधांच्या महापुराचं भाकीत मी पाच वर्षांसाठी तरी करणार नाही.

प्रतिकारशास्त्राची ओढ असेल तर एमआरएनए लसींकडे जरूर जा. पण मन ठरत नसेल तर लिपिड कणांचं रसायन निवडा, असं मी सांगेन. एमआरएनए लस आणि शरीरात होणारं जनुक संपादन, दोन्ही बहुतांशी त्यावरच उभी आहेत, आणि यकृतापलीकडचा अडसर तिथेच फुटायचा आहे. प्रयोगशाळा निवडताना विचारा: तुमचे कण कोणत्या अवयवात पोहोचतात, आणि ते उंदरापलीकडे, निदान माकडात तरी, मोजलंय का?