पावले खिळतात तेव्हा : लेझर काठीचा सहा महिन्यांचा अनुभव

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात, होऊन नऊ वर्षे झाली. हाताचा कंप घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडला; खरा घोर लावला तो पावले खिळण्याने. दिवाणखान्यातून सरळ चालत येणारे बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आले की थबकत, टाचा उचलत, अंग पुढे झुके आणि पाय मात्र फरशीला चिकटल्यासारखे राहत. म्हणून पावलापुढे लाल लेझरची आडवी रेषा टाकणारी काठी आम्ही मागवली.

मेंदूत खोलवर असलेली बेसल गँग्लिया ही केंद्रे सरावाच्या हालचाली आपोआप सुरू करायला आणि त्यांची साखळी जुळवायला मदत करतात. त्यांना डोपामिन हे संदेश पोहोचवणारे रसायन पुरवणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात आणि पाऊल उचलण्याची आतली खूण वेळेवर मिळत नाही. डोळ्यांसमोर ओलांडण्याजोगे काही आले, की मेंदू ही अडलेली वाट बरीचशी टाळून, नजरेच्या आधाराने पाऊल उचलतो, असे मानले जाते. जमिनीवरच्या आडव्या रेषांनी असे रुग्ण चालू लागतात, हे लंडनचे डॉ. जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालीच नोंदवून ठेवले होते.

आता उंबऱ्याशी काठी टेकवली की बुडावर दाब पडून रेषा उमटते, बाबा तिच्यावर नजर रोखतात आणि उजवा पाय रेषेपलीकडे पडतो. तो पहिल्यांदा पडला, त्या दिवशी आईच्या डोळ्यांत पाणी आले होते. मात्र गॅलरीतल्या उन्हात रेषा दिसतच नाही, आणि झिजलेले रबरी बूड बदलून मागितले तेव्हा विक्रेत्याने नवी काठीच घ्यायला सांगितले, याचा मला अजून राग आहे.

तोल सावरण्याचे काम या काठीकडून होत नाही, हे घेणाऱ्याने नीट ध्यानात ठेवावे. धक्का बसताच शरीर सावरून धरण्यातही मेंदूतल्या याच बेसल गँग्लिया केंद्रांचा वाटा असतो आणि तिथे रेषा उपयोगी पडत नाही. मागून हाक मारली तेव्हा गर्रकन वळताना बाबा हातात काठी असूनही दोनदा पडले. आता आम्ही समोर जाऊनच बोलतो.

पैसे घालण्याआधी फरशीवर पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या पट्ट्या लावून पाहाव्यात, आणि त्या वेळी कोणीतरी शेजारी उभे राहावे.